पुढारी आधीं कीं कार्य आधीं?



हल्लीं तरुण मंडळींच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : "आम्हांला एक चांगला पुढारी मिळूं द्या, मग हा देश बदलायला वेळ लागणार नाहीं." वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून गेलों असतां मीं तें ऐकलें आहे, आगगाडीच्या डब्यांत ऐकलें आहे, आणि घरीं पानावर बसलों असतांहि ऐकलें आहे. बोलणाऱ्याच्या कळकळीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्या वाक्यांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. पुढारी आधीं आणि सुधारणा मागाहून, असा तो क्रम आहे. पुढारी म्हणजे जणुं मृगाचा पाऊस. तो आला तर पेरणी करावयाची, न आला तर आभाळाकडे पाहत बांधावर बसावयाचें. हा क्रम बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आजच्या भाषणापुरता मीं घेतला आहे. माझ्या मतें तो उलटा आहे, आणि माझें तसें मत होण्यास आपल्याच प्रांताच्या इतिहासांतील कांहीं गोष्टी कारण झाल्या आहेत.

पुण्याची गोष्ट घ्या. १८८० सालाच्या आरंभीं बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेहि अवघे २३ वर्षांचे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांच्यांत वडील. पण त्यांनाहि अद्याप तिशी गांठावयाची होती. सरकारी शाळेंतील नोकरी सोडून शास्त्रीबुवा पुण्यास आले, आणि त्या वर्षाच्या जानेवारींत 'न्यू इंग्लिश स्कूल' निघालें. आगरकर एम्. ए. ची परीक्षा उरकून मागाहून येऊन मिळाले. त्या काळीं पुण्यांत पुढाऱ्यांची वाण होती असें नाहीं. माधवराव रानड्यांचें नांव सर्वतोमुखीं होतें; सार्वजनिक सभेला दहा वर्षें होत आलीं होतीं. परंतु या तरुणांनीं कोणाच्या दारीं जाऊन 'आमचें पुढारीपण पत्करा' अशी विनंति केली नाहीं. तास घ्यावयाचे, वह्या तपासावयाच्या, फी न देणाऱ्या मुलाच्या बापाशीं बोलावयाचें, असलें काम त्यांनीं अंगावर घेतलें. शाळामास्तराचें काम किती नीरस असतें हें मला दुसऱ्या कोणीं सांगावयास नको. देश बदलण्याची भाषा बोलणाऱ्या पदवीधरांनीं नेमकें तेंच काम निवडलें, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व व्याख्यानांहून मोठी वाटते.

पुढच्याच वर्षीं, १८८१ च्या जानेवारींत, 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें निघालीं. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. आतां यापुढें काय झालें तें पाहा. १८८२ च्या मार्चमध्यें विष्णुशास्त्री वारले. वय ३१ वर्षांचें. ज्यांना या मंडळींचे पुढारी म्हणावयाचें, तेच सवादोन वर्षांच्या आंत गेले. त्याच वर्षीं कोल्हापूरच्या दिवाणांविषयीं छापलेल्या मजकुराबद्दल अब्रुनुकसानीचा खटला होऊन टिळक-आगरकरांना शिक्षा झाली, व डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. शाळा जर एका पुढाऱ्याच्या तेजावर उभी असती, तर तिचें दार त्याच वर्षीं बंद झालें असतें. तसें झालें नाहीं. १८८४ मध्यें 'डेक्कन एज्युकेशन सोसायटी' स्थापन झाली, १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज निघालें, आणि पुढें गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखा माणूस दरमहा ७५ रुपयांवर तेथें आपल्या उमेदीचीं वर्षें घालविता झाला. काम मागें ठेवून माणसें गेलीं, आणि कामानेंच नवीं माणसें ओढून आणलीं.

त्या खटल्यांतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं, ती सांगून पुढें जातों. टिळक-आगरकरांना जामीन हवा होता, तेव्हां महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनीं तो दिला. फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांचें वय २१ वर्षांचें आणि सावित्रीबाईंचें अवघें १७ होतें. म्हणजे तरुणांनीं अंगावर घेतलेल्या कामाचा पहिला धडा त्यांचाच. या ब्राह्मण तरुणांशीं त्यांचे विचार जुळत होते असें मुळींच नाहीं. चिपळूणकरांनीं तर 'निबंधमाले'मध्यें फुल्यांची टवाळी करण्यांत कसूर ठेवली नव्हती. असें असूनहि पंचावन्न वर्षांचा तो माणूस या पोरांच्या मदतीला गेला. मतभेद आणि वैर यांतील अंतर त्याला ठाऊक होतें.

हें अंतर टिळक-आगरकरांना स्वतःला कितपत संभाळतां आलें, हा निराळा विषय आहे. दोघांनीं एकत्र स्वप्नें पाहिलीं, एकत्र तुरुंग पाहिला, आणि तुरुंगांतून सुटल्यावर पांच वर्षांच्या आंत त्यांचीं मनें फाटलीं. आधीं राजकीय स्वातंत्र्य कीं आधीं सामाजिक सुधारणा, हा तो प्रसिद्ध वाद. १८८७ मध्यें आगरकरांनीं 'केसरी' सोडला व पुढच्या वर्षीं 'सुधारक' काढला. १८९० मध्यें टिळकांनीं सोसायटीचा राजीनामा दिला. १८९१ मध्यें संमतिवयाचें बिल आलें. मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारा करावें, एवढीच त्याची मागणी होती! आगरकर त्याच्या बाजूनें लढले. परक्या सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये, असें टिळकांचें म्हणणें पडलें. लोक मोठ्या संख्येनें टिळकांच्या मागें गेले. आगरकरांच्या वांट्याला काय आलें? ते जिवंत असतां पुण्याच्या रस्त्यांतून त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली. १८९५ च्या जूनमध्यें, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, ते खरोखरीच गेले. आणि त्यांच्यावर 'केसरी'मध्यें मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीं.

आज मुलीचें विवाहाचें वय १८ आहे, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या संसाराची कल्पना देखील आपल्या घरांतील कोणाला सहन होणार नाहीं. म्हणजे त्या एका प्रश्नापुरता विचार केला, तर ज्याच्या मागें माणसें थोडीं होतीं त्याचें म्हणणें टिकलें. टिळकांचें मोठेपण यानें तसूभरहि कमी होत नाहीं. त्यांनीं जें केलें तें आगरकरांच्या हातून झालें नसतें. पण तरुण जेव्हां मला विचारतात कीं खरा पुढारी ओळखावा कसा, तेव्हां मी त्यांना त्याच्या सभेची गर्दी मोजूं नका असें सांगतों. आपल्याच माणसांना न आवडणारी गोष्ट त्यानें त्यांच्या तोंडावर कधीं सांगितली आहे काय, तें पाहावें. परक्यांना चार शब्द सुनावणें सोपें असतें. त्याला टाळ्याहि मिळतात. आगरकर आपल्याच पेठेंतल्या लोकांना सुनावत होते. हातांतल्या फोनवर दिवसाकांठीं दहा पुढाऱ्यांचीं भाषणें ऐकणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनीं ही परीक्षा एकदां लावून पाहावी. पुष्कळशीं भाषणें पहिल्या मिनिटांतच नापास होतील.

आतां पुण्याहून कोंकणांत उतरूं, कारण पुण्याची गोष्ट शिकलेल्यांची आहे, आणि एखाद्याला वाटेल कीं ज्यांच्याजवळ पदव्या होत्या त्यांना हें साधलें, इतरांनीं काय करावें? महाडच्या चवदार तळ्याची हकीकत बहुतेकांना १९२७ च्या मार्चपासून ठाऊक असते. परंतु तिचा आरंभ आधींचा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं मंजूर केला, व महाडच्या नगरपालिकेनेंहि आपलें तळें खुलें केल्याचा ठराव १९२४ मध्यें केला. कागद झाला, पण तळ्यावर कोणी जाईना. ठराव आणि पाणी यांच्यामध्यें तीन वर्षें गेलीं.

त्या भागांत रामचंद्र बाबाजी मोरे नांवाचा एक तरुण होता. लहान वयांत त्याला शिष्यवृत्ति मिळाली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेंत अस्पृश्य म्हणून प्रवेश मिळेना. त्या मुलानें काय करावें? त्यानें वर्तमानपत्राकडे पत्र लिहिलें. तें छापून आलें, आणि प्रवेश द्यावा लागला. बसण्याची जागा मात्र वर्गाबाहेर खिडकीपाशीं. हाच मुलगा पुढें महाडच्या परिषदेची खटपट करणाऱ्यांत होता. वयाच्या चोविसाव्या वर्षीं तो आणि त्याचे सोबती गांवोगांव हिंडले, माणसें जमविलीं, आणि डॉक्टर आंबेडकरांना महाडास आणलें. आंबेडकर त्या वेळीं ३५ वर्षांचे होते. पुढारी आला तो अशा रीतीनें, बोलावल्यावर आला, आणि आला तेव्हां काम उभें होतें. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस त्यांनीं तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें.

येथें आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. पुष्कळांना मार बसला. परिषदेला आलेल्यांत पलटणींतून निवृत्त झालेले शिपाई होते, त्यांचे हात शिवशिवत होते. आंबेडकरांनीं त्यांना आवरलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हा सत्याग्रहासाठीं हजारों माणसें महाडास जमलीं, तेव्हां प्रतिपक्षानें कोर्टाचा मनाईहुकूम आणला होता. तरुण म्हणत होते, हुकूम मोडूं आणि तुरुंगांत जाऊं. आंबेडकरांनीं सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला, आणि बरीच चर्चा होऊन लोकांनीं तो मानला. तळ्याभोवतीं मिरवणूक मात्र काढली. दिवाणी दावा पुढें दहा वर्षें चालला, व १९३७ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल लागला. दहा वर्षें! विशींतल्या माणसाला एवढा काळ म्हणजे अर्धें आयुष्य वाटतें. सामाजिक सुधारणेची चाल अशीच असते, हें तरुणांना सांगणारा पुढारी लोकप्रिय होणें कठीण. तो झाला, याचें कारण लोकांना आवरण्याचा अधिकार त्यानें त्यांच्यांत राहून मिळविला होता.

याच्या उलट बाजूचें उदाहरण शेजारच्या गुजराथेंत मिळतें. १९७३ च्या डिसेंबरांत अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजांत वसतिगृहाच्या खानावळीचें बिल वाढलें. एवढ्या ठिणगीवर वणवा पेटला. महागाईनें लोक आधींच गांजले होते. पाहतां पाहतां सारें गुजराथ विद्यार्थ्यांच्या मागें उभें राहिलें. या 'नवनिर्माण' आंदोलनाला वर कोणी मोठा पुढारी नव्हता. तरी १९७४ च्या फेब्रुवारींत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढच्या महिन्यांत विधानसभाहि विसर्जित झाली. तरुणांच्या शक्तीचें याहून मोठें प्रदर्शन आपल्या देशानें फारसें पाहिलेलें नाहीं. पण पुढें? १९७५ च्या निवडणुकीनंतर जें नवें मंत्रिमंडळ आलें, त्याला त्याच चिमणभाईंच्या नव्या पक्षाचा पाठिंबा घ्यावा लागला. आणि १९९० सालीं ते स्वतः पुन्हा मुख्यमंत्री झाले. एका माणसाला खालीं ओढणें हें कार्य दोन महिन्यांच्या आंत झालें. त्या माणसाला वर चढविणारी व्यवस्था जागच्या जागीं राहिली, कारण ती बदलण्याचें काम शाळा चालविण्याइतकेंच कंटाळवाणें असतें.

तरुणांचीहि बाजू आहे, आणि ती मला ऐकून घेतलीच पाहिजे. ते म्हणतात, "आम्हीं काम करावयाचें तरी कोठें? बापाची जागा मुलाला, काकाची पुतण्याला. आमच्या हातीं फक्त सतरंज्या उचलणें." हें खोटें नाहीं. १९८९ पासून अठराव्या वर्षीं मत देतां येतें. एकविसाव्या वर्षीं ग्रामपंचायतीला उभें राहतां येतें, पंचविसाव्या वर्षीं विधानसभेला. कायद्यानें दार उघडलें. उंबरठ्यावर पैसा आणि घराणें बसलेलें आहे. शिवाय आम्हीं वडील माणसांनींहि त्यांचा सराव बंद पाडला. महाविद्यालयांतील निवडणुकांत मारामाऱ्या होऊं लागल्या, १९८९ सालीं मुंबईंत एका विद्यार्थ्याचा खूनहि झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें थेट निवडणुका जाऊन परीक्षेंतील गुणांवर प्रतिनिधि नेमण्याची पद्धति आली. आईबापांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. पुढें २०१६ च्या कायद्यांत निवडणुकांची तरतूद पुन्हा करण्यांत आली. परंतु मध्यंतरीं वीस-बावीस वर्षांत जीं मुलें कॉलेजांतून बाहेर पडलीं, त्यांनीं आपला प्रतिनिधि निवडला नाहीं, निवडलेला चुकीचा निघाला म्हणून पस्तावा केला नाहीं, त्याला जाब विचारला नाहीं. ज्याला पोहण्याचा सराव नाहीं, तो पाण्यांत पडल्यावर तारणाऱ्याचीच वाट पाहणार.

हा सराव लहान वयांतहि होऊं शकतो. मी सातवीचा वर्गशिक्षक होतों, तेव्हां वर्गनायक मास्तरांनीं नेमण्याऐवजीं मुलांनीं निवडावा असें ठरविलें. पहिल्या खेपेस वर्गांतला सर्वांत दांडगा मुलगा निवडून आला. बोलणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहावयाचीं हें त्याचें काम. तो आपल्या दोस्तांचीं नांवें वगळी. महिन्याभरानें मुलें तक्रार घेऊन आलीं, "सर, त्याला काढा." मीं म्हटलें, "तुम्हीं बसविलात, तुम्हीच उतरवा. पण कारण लिहून द्या." दोन दिवस मधल्या सुटींत खलबत चाललें होतें. अखेर त्यांनीं एका अबोल मुलीला निवडलें. मला कौतुक वाटलें तें तिच्या निवडीचें नव्हे. मुलांनीं त्याच कागदावर एक नियम लिहून आणला होता : ज्याचें नांव फळ्यावर लागेल, त्यापुढें काय केलें तेंहि लिहिलें पाहिजे. माणूस बदलल्यानें भागत नाहीं, त्याच्या हातांतला खडूहि नियमानें बांधावा लागतो, हें बारा वर्षांच्या मुलांना कळलें, आणि तें त्यांना कोणत्याहि धड्यानें शिकविलें नव्हतें.

आतां ऐकणाऱ्या घरांतील वडील मंडळींशीं दोन शब्द. आपल्या शहरांत तरुणांची खरी पाठशाळा कोणती म्हणाल, तर ती गणेशोत्सवाचें मंडळ. १८९३ पासूनची ही सार्वजनिक रीत. तिच्याविषयीं बरेंवाईट पुष्कळ बोलतां येईल, आणि ध्वनिवर्धकांबद्दल तर मी वाईटच बोलेन. परंतु वर्गणी गोळा करणें, मांडववाल्याशीं घासाघीस करणें, रुसलेल्याची समजूत काढणें, पोलिसचौकीवर परवान्यासाठीं खेपा घालणें, हें सर्व तेथें विशींतलीं मुलें करतात. पुष्कळ नगरसेवक या मांडवांतूनच वर आले आहेत. तेथें एकच विषय शिकविला जात नाहीं, तो जमाखर्चाचा. आपण वर्गणीची पावती घेतों, प्रसाद घेतों, आणि घरीं जातों. शेवटच्या दिवशीं हिशेब वाचून दाखवा असें मंडळाला म्हणणारा गृहस्थ मला आजवर क्वचितच भेटला.

आमच्या वसाहतींत तीन वर्षांपूर्वीं कॉलेजांत जाणाऱ्या दोन मुलींनीं तें काम मागून घेतलें. मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना तें फारसें रुचलें नाहीं. 'आमच्यावर विश्वास नाहीं काय' असेंहि एकजण म्हणाला. मुली म्हणाल्या, "काका, विश्वास आहे म्हणूनच मोठ्यानें वाचूं." विसर्जनाच्या आदल्या रात्रीं आरती झाल्यावर त्यांनीं वही उघडली. किती जमले, मांडवाला किती गेले, फटाक्यांना किती गेले. फटाक्यांचा आंकडा ऐकल्यावर मांडवांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मागच्या रांगेंतून एक आजी म्हणाल्या, "एवढे?" पुढच्या वर्षीं त्यांतले निम्मे पैसे वसाहतींतल्या कामवाल्या बायांच्या मुलांच्या पुस्तकांना गेले. ठराव कोणीं मांडला म्हणाल, तर आदल्या वर्षीं विश्वासाविषयीं रागावलेल्या त्याच गृहस्थांनीं. त्या दोन मुलींपैकीं एकीला मीं विचारलें, पुढें काय करावयाचें मनांत आहे? ती म्हणाली, "सर, यंदा पाण्याच्या टांकीच्या दुरुस्तीचा हिशेब मागणार आहों. तुम्ही सभेला या."